शनिवारी नव्हे, बुधवारी

पेपरच्या दुसऱ्या पानावर खाली डाव्या कोपऱ्यात एक बारकी चौकट यायची. काल अमुक छापलं होतं, ते तमुक हवं होतं, चुकीबद्दल दिलगीर आहोत. कुणी वाचायचं नाही ती. नेड्रा वाचायची. पहिल्या पानावरच्या लांबलचक बातम्या तिला झेपायच्या नाहीत, आठवीत शाळा सुटलेली, ओळीवर बोट ठेवून वाचणार, त्यात तो विधानसभेचा घोळ, कुठलं बिल कुठल्या समितीत अडकलं, तिचं डोकं दुखायला लागायचं. पण ती चौकट चार ओळींची. आणि त्या चौकटीत अधूनमधून तिच्या भावाचं नाव यायचं.

बाकीचे बातमीदार चुकले तर पेपर नुसताच म्हणायचा, चूक झाली. डेल्मस एस्टेप चुकला तर तो स्वतः टाइप करून द्यायचा, चूक डेल्मस एस्टेपची. एकदा एका आमदाराचं वय एकसष्टच्या जागी बासष्ट पडलं. आमदाराच्या बायकोनंच फोन केला, राहू दे हो, त्यांच्या लक्षातसुद्धा आलं नाही. हा म्हणाला, बाई, माझ्या आलं ना. झालं, दुसऱ्या दिवशी चौकटीत वय.

अठ्ठावन्न वर्षं त्यानं असं सगळं दुरुस्त केलं. एक शब्द सोडून. त्या एका शब्दानं त्याला आतून बेचाळीस वर्षं कुरतडलं आणि नेड्राला तो शेवटी शेवटी कळला, आणि कळला नसता तर बरं झालं असतं की वाईट, ते तिला अजून सांगता येत नाही.

टॅनरच्या खोऱ्यातली ही भावंडं. बाप कोळशाच्या खाणीत. चाळीशी ओलांडली तेव्हा त्याला जिना चढताना तीनदा बसावं लागायचं, फुप्फुसात धूळच धूळ. आई अंथरुणाला खिळलेली. घरात एकच जण शिकू शकणार होतं आणि ते कोण हे कुणी बोललंसुद्धा नाही. डेल्मस मोठा, डोक्यानं तल्लख, शाळेतल्या टाइपरायटरवर न बघता टाइप करणारा. नेड्रा दोन वर्षांनी लहान, तिनं पुस्तकं शेजारणीच्या पोरीला देऊन टाकली आणि पदरात चूल घेतली. राजधानीच्या पेपरात त्याला नोकरी लागली तेव्हा बापाचा चांगला शर्ट उसवून तिनं त्याच्या मापाचा शिवला, कारण बाप तोवर गेला होता.

"नेड, पहिलं माझं नाव छापून आलं की तो पेपर तुला देईन," तो म्हणाला.

"मला वाचता कुठं येतो पेपर."

"नाव तर येईल वाचता. आडनाव तुझंच आहे."

पहिली बातमी गटाराच्या कमिटीच्या बैठकीची होती. नेड्रानं ती कापून बायबलात ठेवली. पाद्रीबाबांना दिसलं तेव्हा ते म्हणाले, गटाराची बातमी बायबलात? ती म्हणाली, स्वच्छ करायचीच बातमी आहे ना ती.

पुढं तो राजकारणावर लिहायला लागला. विधानसभेच्या घुमटाखाली तळघरात बातमीदारांची खोली होती, तिच्या खिडक्या रस्त्याच्या पातळीला, त्यातून नुसते बूट दिसायचे. बूट बघून तो सांगायचा, हा आमदार आज तिसऱ्यांदा गव्हर्नरकडं निघाला, काहीतरी शिजतंय. गव्हर्नर आले, गेले, एकाला तर पोलीस घेऊन गेले, हा त्याच खुर्चीत. पण निवडणुकीचा खरा अंदाज त्याला तळघरात मिळायचा नाही. त्यासाठी तो नेड्राकडं यायचा, तिच्या नवऱ्याला भेटायला.

नेड्राचा नवरा व्हर्लिन मुलिन्स. खाणीतलाच. अंगानं आडवा, तोंडानं मोकळा, पेपर फक्त बूट वाळवायला वापरायचा. आमच्या तालुक्यात तेव्हा मताला दारूची अर्धी बाटली ठरलेली, ते काही लपून नव्हतं, मतदानाच्या खोलीमागं गाडी लावून वाटायचे.

"काय व्हर्लिन, यंदा बाटली कुठली?" डेल्मस विचारायचा.

"हलकी आहे रे. माणूस पडणार."

"नक्की?"

"ज्याला जिंकायची खात्री असते तो बरी पाजतो. ह्यानं पाणी घातलंय."

डेल्मस जाऊन लिहायचा, अमुक उमेदवार अडचणीत. आणि माणूस पडायचा. घुमटाखाली लोक म्हणायचे, एस्टेपला आतलं कळतं. आतलं म्हणजे व्हर्लिनची जीभ. व्हर्लिन सगळ्यांना सांगायचा, माझा मेहुणा गव्हर्नरबरोबर मांस खातो आणि खरं कळायला माझ्याकडं येऊन बिन्स खातो. खरंच खायचा. नेड्राच्या हातच्या बिन्स, म्हणजे मऊ शिजवलेले घेवड्याचे दाणे, बिडाच्या तव्यातला मक्याचा पाव आणि वसंतात रानकांदा परतून, दोनदा घ्यायचा नेहमी.

आता त्या पेपरवाल्यांची एक रीत होती, ती सांगितल्याशिवाय पुढचं समजणार नाही. मोठी बातमी हाती लागली की ती रविवारसाठी ठेवायची. संपादक होते मिस्टर प्रुइट, ते म्हणायचे, बुधवारच्या पेपरात मासे गुंडाळतात, रविवारचा पेपर चर्चच्या पायरीवर वाचतात. रविवारी पेपर दुप्पट खपायचा, सोमवारी गव्हर्नरलाही उत्तर द्यावं लागायचं. म्हणून बातमीदार मोठा मासा गळाला लागला की गप्प राहायचा. बायकोला नाही, आईला नाही. एकाला सांगितलं की दुसऱ्या पेपरला कळलं. ह्यात त्यांना काही वाईट वाटायचं नाही, ती त्यांची शिस्त होती, सुताराला जसा रंधा तशी.

सालाचं म्हणाल तर एकोणीसशे शहात्तर. मार्च महिना, पाऊस आठ दिवस थांबलेला नाही. टॅनरच्या खोऱ्यात वरच्या अंगाला कोळसा कंपनीचं तळं होतं, कोळसा धुतलेलं काळं पाणी साठवायला. बांध कसला, खाणीतल्या मातीदगडाचा ढीगच तो. सरकारी माणसानं दर महिन्याला तपासायचा असा नियम. बुधवारी सकाळी त्या सरकारी कचेरीतली एक बाई घुमटामागं डेल्मसच्या गाडीत येऊन बसली आणि एक पाकीट सीटवर ठेवून काही न बोलता उतरून गेली. आत तपासणीचे कागद. दोन वर्षांच्या सह्या एकाच दिवशी, एकाच शाईनं केलेल्या. आणि खाली एक कागद, कुणा इंजिनियरनं हातानं लिहिलेला, सलग पावसात हा बांध धरेल असं मला वाटत नाही.

डेल्मस ते घेऊन प्रुइटकडं गेला. प्रुइट वाचून म्हणाले, "कधी?"

आणि हे प्रुइटनी नाही ठरवलं, हे लक्षात ठेवा. डेल्मसच म्हणाला. शनिवारी अधिवेशनाचा शेवटचा दिवस, सगळे आमदार घरी जातील, रविवारी आपापल्या चर्चच्या पायरीवर प्रत्येकाच्या हातात हे पडेल. लोक त्यांना तिथंच धरतील.

"रविवारी," तो म्हणाला.

बुधवारी दुपारपर्यंत त्यानं सगळी बातमी लिहून तयार ठेवली.

गुरुवारी संध्याकाळी तो नेड्राकडं जेवायला आला. न सांगता. गुरुवारी कधी यायचा नाही.

"आलास? घुमटाखाली आज शिजलं नाही वाटतं," व्हर्लिन म्हणाला.

"शिजलं, पण मीठ नव्हतं."

खाली बसला, पण खिडकीतून सारखा वर बघत होता. "तळ्याचं पाणी किती चढलंय रे?"

"असेल नेहमीसारखं. कंपनीचा माणूस काठी लावून बघतो की."

"रोज?"

"काठी लावतो आणि पाइप ओढतो. पाइप संपला की मोजून झालं."

नेड्रा हसली. डेल्मस हसला नाही. बिन्स घेतल्या, परत घेतल्या. मग तिला म्हणाला, "नेड, उद्या शाळा सुटली की मार्सीला घेऊन माझ्याकडं ये. शनिवारी शेवटचा दिवस आहे, पोरीला घुमट दाखवतो. रविवारी सोडतो परत." मार्सी म्हणजे नेड्राची मुलगी, आठ वर्षांची. ती लगेच बूट शोधायला धावली. नेड्रा शाळेच्या स्वयंपाकघरात कामाला होती, शनिवारी तिला सुट्टीच. "व्हर्लिन, तूही चल."

"मला शनिवारी दुपारची पाळी आहे. आणि तुझे ते आमदार बघण्यापेक्षा मी खेचर बघीन, निदान लाथ मारण्याआधी कान तरी मागं करतं."

"टाक एक दिवस सुट्टी."

"कशापायी?"

डेल्मस दारात उभा, टोपी हातात. नेड्राला ते दार आजही दिसतं. त्याचं तोंड उघडलं आणि मिटलं.

"असंच. पाऊस लई आहे."

"असू दे की. मी काय मिठाचा आहे?"

आणि व्हर्लिननं त्याच्या पाठीवर थाप मारली, तेवढं शेवटचं.

शनिवारी सकाळी नेड्रा आणि मार्सी विधानसभेच्या गॅलरीत बसल्या होत्या. खाली डेल्मस बातमीदारांच्या टेबलाशी. साडेनऊच्या सुमारास एक कारकून चिठ्ठी घेऊन अध्यक्षांकडं गेला, मग बातमीदारांकडं आला. बाकीचे सगळे उठून फोनकडं पळाले. डेल्मस पळाला नाही. त्यानं मान वर केली आणि गॅलरीत तिच्याकडं बघितलं. नेड्राला वाटलं, किती दुःख झालंय माझ्या भावाला माझ्यासाठी. एक्केचाळीस वर्षं तिनं त्या नजरेचा हाच अर्थ धरला.

बांध आठ वाजता गेला होता. काळं पाणी खोऱ्यातून पंचवीस मिनिटांत उतरलं. एकतीस माणसं. व्हर्लिन नऊ मैल खाली सापडला, पट्ट्याच्या बकलावरून ओळखला. घर राहिलं नाही, चूल राहिली नाही. नेड्राचं बायबल तेवढं पर्समध्ये होतं म्हणून राहिलं.

रविवारी पेपरात सगळं आलं. एकतीस नावं, मिळाले त्यांचे फोटो आणि डेल्मसची बातमी, सह्यांसकट, इंजिनियरच्या कागदासकट. बाकीच्या पेपरवाल्यांना नवल, एका दिवसात ह्यानं एवढं कुठून खणलं. बातमीत दुसऱ्या परिच्छेदात लिहिलं होतं, या पेपरच्या हाती शनिवारी आलेल्या कागदपत्रांवरून. डेल्मसनं लिहिलं होतं बुधवारी. प्रुइटनी ते खोडून शनिवारी केलं. छापायच्या आधी पान डेल्मसपुढं आलं, त्यानं तो शब्द बघितला, पेन्सिल हातात होती. आणि त्यानं तो तसाच जाऊ दिला.

टॅनरच्या खोऱ्यात ज्याच्या त्याच्या घरात तो रविवारचा पेपर जपलेला आहे, मेलेल्यांचे फोटो त्यातच आहेत म्हणून. नेड्रानंही कापून बायबलात ठेवला, गटाराच्या बातमीशेजारी.

मग चौकशी बसली, दोन मोठे अधिकारी गेले, बांधांचा नवा कायदा झाला. डेल्मसला बक्षीस मिळालं, लाकडावर पितळी पाटी. ती त्यानं कधी भिंतीला लावली नाही, लोक म्हणायचे किती साधा माणूस. वॉशिंग्टनच्या मोठ्या पेपरनं बोलावलं, गेला नाही, लोक म्हणायचे आपल्या डोंगरांवर जीव आहे. खोऱ्यातली माणसं वाटेत थांबवून त्याचा हात हातात घ्यायची, तू होतास म्हणून आम्हाला खरं कळलं. नेड्रा शेजारी उभी असायची, तिची छाती भरून यायची. त्याचा हात मात्र गार पडायचा. ती म्हणायची, जेवत नाहीस नीट, बब. ती त्याला बबच म्हणायची, लहानपणापासून.

दर रविवारी चर्च झालं की तो तिच्या नव्या घरी जेवायला यायचा. एक रविवार चुकवला नाही. छप्पर त्यानं चढून नीट केलं, मार्सीला गाडी चालवायला शिकवलं, तिच्या लग्नात व्हर्लिनच्या जागी, बाप नेतो तसं, हात धरून तिला चर्चमध्ये नेलं. लग्न त्यानं केलं नाही. नेड्रानं दोन-तीनदा विचारलं, तर म्हणाला, "मला कोण घेतंय, मी जेवतानाही वाक्यं खोडतो."

आणि दर मार्चमध्ये तो एक पिवळा कागद टाइप करायचा. पहिल्या वर्षी तो घेऊन प्रुइटकडं गेला होता. प्रुइटनी वाचला आणि दार लावलं.

"ह्यानं काय होणार? एकतीस जण उठून बसणार आहेत?"

"नाही. शब्द बरोबर होईल."

"आणि मग वकील येतील. पेपर बसेल. पेपर बसला तर पुढच्या तळ्याची बातमी कोण छापणार, तू सांग."

डेल्मसनं कागद परत घेतला. पुढच्या मार्चमध्ये परत गेला, तेच उत्तर. मग प्रुइट वारले, एक्क्याण्णव साली, आणि आता अडवणारं कुणी नव्हतं. तेव्हा त्याला कळलं की अडवत प्रुइट नव्हतेच. छापायचं तर आधी नेड्राला दाखवायला हवं. मग तो कागद शर्टाच्या खिशात घालून रविवारी यायचा, जेवायचा आणि तसाच घेऊन जायचा. नेड्राला खिशातून पिवळं टोक दिसायचं. तिला वाटायचं बाजाराची यादी असेल.

अशी सव्वीस वर्षं आणखी गेली. तळघरातल्या खोलीत चौदा टेबलं होती, त्यांची सात झाली, मग दोन. पेपर दुसऱ्या राज्यातल्या कुणी मालकांनी घेतला, त्यांना घुमट कुठल्या रंगाचा तेही माहीत नव्हतं. दुसऱ्या पानावरची चौकट बंद झाली. डेल्मसनं विचारलं तर म्हणाले, ते काम बघायला माणूस नाही. चुका होत होत्या, रोज, ढिगानं. तो ऐंशीला टेकलेला, आठवड्याला एक लेख द्यायचा आणि उरलेला वेळ पेपरवर लाल पेन्सिलीनं खुणा करत बसायचा. खुणा करून कुणाकडं पाठवायच्या, तर कुणी नाही.

दोन हजार सतराच्या ऑक्टोबरमध्ये एका गुरुवारी सकाळी पेपर बंद झाला. कामावरच्यांना कॉम्प्युटरवर निरोप आला. डेल्मसनं मालकांच्या कचेरीत फोन लावला. शेवटच्या अंकात चार ओळी हव्यात, म्हणाला, पैसे देतो हवे तर. पलीकडे कुणी तरुण बाई होती, आवाजानं बरी.

"शेवटचा अंक कालच छापून झाला, सर," ती म्हणाली.

रविवारी तो आला तेव्हा नेड्रानं ताट वाढलं, त्यानं ते हातानं बाजूला सरकवलं. असं त्यानं जन्मात केलं नव्हतं. खिशातून पिवळा कागद काढला.

"वाचून दाखवतो. चार ओळी आहेत."

"वाच की."

"चौदा मार्च एकोणीसशे शहात्तरच्या अंकात टॅनर खोऱ्यातल्या बांधाची कागदपत्रं या पेपरच्या हाती शनिवारी आली असं छापलं होतं. ती बुधवारी आली होती. बांध शनिवारी फुटला. चूक डेल्मस एस्टेपची."

नेड्रानं हात पुसले. आधी तिला काहीच लागलं नाही, तिला वाटलं जुन्या सवयीनं कसली तारीख नीट करतोय. मग ती बसली.

"बुधवारी?"

"बुधवारी सकाळी."

"आणि गुरुवारी तू इथं बसला होतास. ह्या खुर्चीत."

"खुर्ची दुसरी होती, नेड. ती वाहून गेली."

तेवढंही त्याला चुकीचं राहू देता आलं नाही.

"बिन्स खाल्ल्यास."

"हो."

"परत घेतल्यास."

त्यानं कागदाची घडी बोटानं सरळ केली.

"मला आणि पोरीला काढलंस. त्याला नाही."

"मी त्याला म्हणालो, सुट्टी टाक."

"तू म्हणालास पाऊस लई आहे."

बिन्सवर साय धरली. मग तिनं विचारलं, "रविवारपर्यंत कशाला ठेवलंस, बब?"

"रविवारी सगळे वाचतात."

"व्हर्लिन वाचत नव्हता," नेड्रा म्हणाली. "व्हर्लिन कुठल्याच वारी वाचत नव्हता. आपल्या खोऱ्यातली लूला वाचत नव्हती, तिचे पोरगे वाचत नव्हते. आम्हाला तोंडानं सांगायचं होतं. चार मिनिटं लागली असती. व्हर्लिनला सांगितलं असतंस तर अर्ध्या तासात खोरं रिकामं झालं असतं, त्याची जीभ तुला माहीत होती."

"म्हणूनच नाही सांगितलं," डेल्मस म्हणाला.

तिनं ताट उचललं, बिन्स परत भांड्यात ओतल्या. त्याच्याकडं पाठ होती तिची. "जा आता," म्हणाली. तो गेला. कागद टेबलावरच राहिला.

पुढच्या रविवारी त्याची गाडी दारात आली. नेड्रानं दार उघडलं नाही. गाडी दोन तास उभी होती, मग गेली. त्याच्या पुढच्या रविवारी परत आली. सगळा हिवाळा असंच. बर्फ पडला त्या रविवारीसुद्धा आला, काचेवरचं बर्फ हातानं पुसत बसला होता, हॉर्न वाजवला नाही कधी. मार्सी आता पन्नाशीची, तिनं आईला फोन केला.

"मम्मी, तो म्हातारा झालाय गं."

"मीपण झालेय."

"त्यानं मला हात धरून चर्चमध्ये नेलं होतं."

"तो हात तुझ्या बापाचा होता," नेड्रा म्हणाली आणि फोन ठेवला.

मार्चच्या एका शनिवारी संध्याकाळी तिनं बिन्स भिजत घातल्या. मूठ मोजली नव्हती. घातल्यावर बघितलं तर दोघांच्या होत्या. सवयीनं पडल्या की मनानं, हे तिला तेव्हाही ठरवता आलं नाही. आणि आता कोण ठरवणार. रविवारी गाडी आली नाही. दुपारी मार्सीचा फोन आला, शेजाऱ्यानं दार फोडलं म्हणून. खुर्चीतच गेला होता, कोट घातलेला, गाडीची किल्ली हातात.

दार उघडलं असतं का तिनं त्या दिवशी? लोक विचारतात. तिला विचारू नका.

त्याच्या मातीला दोन माजी आमदार आले, काठ्या टेकत, एक म्हणाला ह्यानं माझं वय छापून मला पाडलं होतं, पण माणूस सरळ. अंत्यविधीची सोय करणाऱ्या दुकानवाल्यांनी जे कार्ड छापलं त्यात जन्मसाल अडतीस टाकलं. सदतीस हवं होतं. नेड्राच्या लक्षात आलं, पण सांगायचं कुणाला, कार्डं वाटून झाली होती. आणि कुठंच बातमी नाही. अख्ख्या राज्यात कोण मेलं, कसं जगलं, हे जो अठ्ठावन्न वर्षं लिहीत होता त्याच्यावर दोन ओळी लिहायला पेपर नाही. शेजारच्या तालुक्यात एक साप्ताहिक उरलंय, जुन्या ट्रॅक्टरच्या जाहिरातींचं. नेड्रा पिवळा कागद घेऊन तिथं गेली. माणूस चांगला होता, खुर्ची दिली. म्हणाला, आजी, दुसऱ्या पेपरची चूक आम्ही कशी दुरुस्त करणार, तो पेपरच आता नाही. चूकही नाही म्हणा की.

मग तिच्या मनात आलं, पेपर नसेल, पण तो रविवारचा अंक तर घराघरात आहे. मार्सीला गाडी काढायला लावली. खोऱ्यात वस्ती अशी राहिलीच नाही, सात घरं, त्यातली तीन बंद. पहिलं घर लूला वर्कमनचं. तिचे दोन पोरगे त्या सकाळी गेले होते. लूला नव्वदीची, व्हरांड्यात बसलेली.

नेड्रानं कागद वाचून दाखवला. बोट ठेवून, अडखळत, चारही ओळी. लूलानं ऐकलं. मग म्हणाली, "परत वाच." नेड्रानं परत वाचलं.

"बुधवारी," लूला म्हणाली. "गुरुवारी मी पोरांचे कपडे धुतले होते. वाळत नव्हते." नेड्राकडं बघून म्हणाली, "मग तू का आलीस?"

"तुझ्याकडचा पेपर आहे ना, त्यात तेवढा एक शब्द खोडून लिहिते म्हणलं. पेन्सिल आणलीय."

"माझ्या पेपरला हात लावू नकोस, नेड्रा. त्यात पोरांचा फोटो आहे."

"फोटोला नाही लावत."

"कशालाच लावू नकोस. बेचाळीस वर्षं मी ह्यावर जगले की कुणाला माहीत नव्हतं. आता मरायच्या वेळेला तू सांगतेस माहीत होतं." आणि तिनं तोंड फिरवलं. "तुझी पोर वाचली ना. जा मग."

गाडीत मार्सी म्हणाली, पुढच्या घरी जायचं? नेड्रानं मान हलवली, नको.

घरी आल्यावर तिनं बायबल उघडलं. कात्रण पिवळं पडलेलं, पिवळ्या कागदाहूनही पिवळं, घडीवर फाटायला आलेलं. चष्मा लावून, बोट सरकवत तिनं दुसरा परिच्छेद काढला. तो शब्द सापडायला तिला वेळ लागला, लहान शब्द आहे. पेन्सिलीनं तिनं शनिवारी खोडलं. वर बुधवारी लिहिलं, शाळकरी पोरीच्या हातचं, एक अक्षर मोठं, एक लहान. डेल्मसला आवडलं नसतं, त्याचं अक्षर टाइपसारखं होतं.

खाली चूक कुणाची तेही लिहायचं होतं. तिनं लिहिलं, चूक डेल्मस एस्टेपची. मग थोडा वेळ पेन्सिल तशीच धरून बसली. आणि त्याच्या खाली, दार न उघडल्याचे ते रविवार आठवत, तिनं आणखी एक नाव लिहायला घेतलं, आपलं, आणि अर्ध्यावर टोक मोडलं. ते तसंच आहे. पेन्सिलीला टोक करायला ती उठली नाही.